कानातील यंत्र आणि मेंदूज्वराचा धोका : इम्प्लांट झालेल्या बालकांना लसीचे कवच का हवे?

वाशीम, प्रतिनिधी : जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाला ध्वनीच्या जगात आणणारी शस्त्रक्रिया म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचे नाव आता ग्रामीण भागातही परिचयाचे झाले आहे. शासकीय योजनांमुळे शेतमजुरांच्या आणि अल्पभूधारकांच्या मुलांनाही लाखो रुपये किमतीचे हे उपकरण मिळू लागले. शस्त्रक्रिया पार पडली, मूल हाकेला मान वळवू लागले, पहिला शब्द उच्चारला, की कुटुंबाच्या दृष्टीने दवाखान्याचा प्रवास संपतो. वस्तुतः त्या प्रवासाचा एक भाग पुढेही शिल्लक राहतो आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. इम्प्लांट बसविलेल्या बालकांना जिवाणूजन्य मेंदूज्वराचा, म्हणजेच मेनिंजायटिसचा धोका इतर बालकांपेक्षा अधिक असतो. हा आजार विरळा आहे. मात्र तो झाल्यास हाताशी काही तासच असतात. तो बहुतांशी टाळता येतो, हेही तितकेच खरे. त्यासाठी लागतात लसीच्या काही मात्रा आणि दुखऱ्या कानाकडे वेळीच दिलेले लक्ष.

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळे गांभीर्य आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ९७ हजार इतकी आहे. हजार नवजात बालकांमागे एक ते तीन बालकांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो, असे जगभर मानले जाते. इम्प्लांटची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे नागपूर, पुणे, मुंबईसारख्या मोठ्या शहरांतील केंद्रांत होते. ताप मात्र मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या एखाद्या गावी, घरी येतो, आणि तोही अनेकदा रात्री. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्या वेळी दोन-अडीचशे किलोमीटर दूर असतात. अशा वेळी निर्णय घ्यावा लागतो तो आई-वडिलांना, आशा सेविकेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला.

कोणता मेंदूज्वर?

'मेंदूज्वर' हा शब्द विदर्भाला नवा नाही. चंडीपुरा विषाणूचे नावच नागपूरजवळच्या चंडीपुरा या ठिकाणावरून पडले. १९६५ मध्ये तेथील रुग्णांच्या रक्तनमुन्यांत हा विषाणू प्रथम सापडला होता आणि २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात त्याच्या साथीने अनेक बालकांचा बळी घेतला. जपानी मेंदूज्वराचेही नाव वृत्तपत्रांतून वारंवार येते. हे दोन्ही आजार विषाणूंमुळे होतात, कीटकांमार्फत पसरतात आणि प्रत्यक्ष मेंदूच्या पेशींना सूज आणतात.

येथे विचार आहे तो वेगळ्या आजाराचा. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणे असतात आणि त्या आवरणांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. या द्रवात जिवाणू शिरले आणि आवरणांना सूज आली की जिवाणूजन्य मेनिंजायटिस होतो. शास्त्रीय मराठीत त्यास मस्तिष्कावरणदाह म्हणतात. इम्प्लांट झालेल्या मुलांमध्ये यास प्रामुख्याने कारणीभूत ठरणारा जिवाणू म्हणजे न्यूमोकोकस. न्यूमोनियाला आणि लहान मुलांच्या कानाच्या संसर्गाला कारण होणारा तोच हा जिवाणू. तो निरोगी मुलांच्या नाकात आणि घशातही एरवी निरुपद्रवीपणे वस्ती करून असतो. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, म्हणजे संक्षेपाने 'हिब', हा दुसरा जिवाणू. मात्र त्यावरील लस पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून शासकीय लसीकरणात २०११ मध्ये केरळ व तामिळनाडूत प्रथम आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली.

जिवाणूंना वाट मिळते कशी?

कानाचे तीन भाग असतात. बाह्यकर्ण, पडद्यामागचा मध्यकर्ण आणि त्याहीपुढे कवटीच्या अत्यंत कठीण हाडात दडलेला अंतर्कर्ण. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेटोळ्यांचा भाग असतो, तोच कॉक्लिआ. त्यातील सूक्ष्म केसपेशी ध्वनीच्या लहरींचे विद्युत संदेशात रूपांतर करतात. या पेशीच नसतील अथवा निकामी असतील तर साधे श्रवणयंत्र कितीही मोठा आवाज कानात सोडो, त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी कानामागील हाड कोरून, मध्यकर्णातून वाट काढून, कॉक्लिआत इलेक्ट्रोडची बारीक तार सरकविली जाते. ती श्रवण-मज्जातंतूला थेट विद्युत संदेश देते. त्वचेखाली ग्राहक-यंत्र व चुंबक बसतो. बाहेर कानामागे अडकविलेला प्रोसेसर आवाज टिपून आत पाठवितो. घरोघरी त्याला सरळ 'मशीन' म्हणतात.

मध्यकर्ण हा घशाच्या मागील बाजूशी युस्टेशियन नलिकेने जोडलेला असतो. लहान मुलांमध्ये ही नलिका आखूड आणि आडवी असल्याने सर्दी झाली की घशातील जिवाणू सहज मध्यकर्णात पोहोचतात. कान ठणकतो, पडदा फाटून पू येतो. याला आपल्याकडे 'कान फुटणे' म्हणतात. सामान्य मुलात संसर्ग तेथेच थांबतो, कारण मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण यांमध्ये निसर्गाने घातलेली भिंत अभेद्य असते. इम्प्लांटमध्ये या भिंतीलाच छिद्र पाडून तार आत घातलेली असते. शल्यचिकित्सक ते छिद्र शरीरातील ऊतींच्या तुकड्याने बंद करतात आणि पुढे तेथे व्रणऊती तयार होऊन ते बुजते. तरीही परक्या वस्तूभोवती जिवाणूंना आश्रय मिळण्याची शक्यता शिल्लक राहते. अंतर्कर्णातील द्रव आणि मेंदूभोवतीचा द्रव यांच्यात सूक्ष्म संबंध आहे. एकदा अंतर्कर्णात पोहोचलेल्या जिवाणूला मेंदूच्या आवरणापर्यंतचे अंतर फारसे उरत नाही.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी २००६ च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हीच बाब स्पष्ट झाली. इम्प्लांट बसविलेल्या उंदरांना मेनिंजायटिस होण्यास न्यूमोकोकसचे तुलनेने कमी जिवाणू पुरेसे ठरले. आधी लस दिलेल्या प्राण्यांना संरक्षण मिळाल्याचेही त्याच संशोधकांना आढळून आले. आधुनिक बहुवाहिनी इम्प्लांटचे जनक मानले जाणारे प्रा. ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ मध्ये पहिला रुग्ण ज्या शहरात हाताळला, तेच हे मेलबर्न. तंत्रज्ञान जेथे जन्मले तेथेच त्याच्या दोषांचाही शोध घेतला गेला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

२००२ चा इशारा

अमेरिकेत बालकांना इम्प्लांट बसविण्यास १९९० मध्ये मान्यता मिळाली आणि पुढील दशकभर हे तंत्र निर्धोक मानले गेले. २००२ च्या मध्यास युरोप-अमेरिकेतून एकापाठोपाठ एक मेनिंजायटिसच्या तक्रारी येऊ लागल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २००२ मध्ये जाहीर इशारा दिला. संशयाची सुई प्रथम वळली ती एका सुट्या भागाकडे. अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्स या कंपनीच्या काही उपकरणांत इलेक्ट्रोडची तार मज्जातंतूच्या अधिक जवळ राहावी म्हणून सिलिकॉनची एक बारीक पाचर सोबत घातली जात असे. तिला 'पोझिशनर' म्हणत. कंपनीने त्याच महिन्यात हा भाग बाजारातून मागे घेतला.

त्यानंतर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने व अन्न व औषध प्रशासनाने सविस्तर पाहणी केली. तिचे निष्कर्ष ३१ जुलै २००३ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९९७ ते ऑगस्ट २००२ या काळात वयाच्या सहाव्या वर्षाआधी इम्प्लांट झालेल्या ४,२६४ बालकांपैकी २६ बालकांना मिळून २९ वेळा जिवाणूजन्य मेनिंजायटिस झाल्याचे आढळले. न्यूमोकोकसमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसचे प्रमाण या बालकांत वर्षाला लाखामागे १३८ इतके निघाले. त्याच वयाच्या सर्वसामान्य बालकांच्या तुलनेत ते ३० पटींहून अधिक होते. पोझिशनर असलेल्यांत धोका साडेचार पट आढळला. ज्यांच्या अंतर्कर्णाची रचना जन्मतः सदोष होती आणि शिवाय मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती होत होती, त्यांच्यात तो नऊ पटींहून अधिक होता. विशेष म्हणजे पोझिशनर असलेल्या बालकांत शस्त्रक्रियेस दोन वर्षे उलटून गेल्यावरही हे प्रमाण वाढलेलेच राहिले. जखम भरली, टाके निघाले, आता चिंता मिटली, हा समज या पाहणीने खोटा ठरविला.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. लाखामागे १३८ म्हणजे वर्षाला साधारण ७०० मुलांमागे एक. तोही त्या काळचा आकडा, जेव्हा पोझिशनर वापरात होता आणि न्यूमोकोकसची संयुग्म लस अमेरिकेतच २००० मध्ये नुकती आलेली होती. आज पोझिशनर नाही, शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारले आहे आणि लस उपलब्ध आहे. योग्य वयात ऐकू आल्याने मुलाच्या भाषेला, शिक्षणाला जो आधार मिळतो तो पाहता इम्प्लांट नाकारण्याचा सल्ला कोणीही तज्ज्ञ देत नाही. सल्ला आहे तो लस घेण्याचा.

आणखी एक मुद्दा तज्ज्ञ आवर्जून मांडतात. सर्व दोष यंत्राच्या माथी मारणेही योग्य नाही. जन्मतः बहिरेपण असलेल्या काही बालकांच्या अंतर्कर्णाची घडणच अपुरी असते. वेटोळी पूर्ण झालेली नसतात किंवा मेंदूकडील बाजूची हाडाची भिंत कच्ची असते. अशा बालकांना इम्प्लांट नसतानाही मेनिंजायटिस होऊ शकतो, किंबहुना वारंवार होऊ शकतो. डेन्मार्कमधील पाहणीत श्रवणदोष असलेल्या मुलांत, इम्प्लांटशिवायही, मेनिंजायटिसचे प्रमाण अधिक आढळले होते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी कानाच्या हाडाचे सीटी स्कॅन आणि एमआरआय केले जाते, आणि म्हणूनच एखाद्या बालकाला पुन्हा पुन्हा मेनिंजायटिस झाल्यास डॉक्टर त्याच्या कानाची तपासणी करतात.

लसीकरणातील पोकळी

न्यूमोकोकसचे शंभराहून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत. त्यावर दोन जातींच्या लसी आहेत. पहिली संयुग्म लस, पीसीव्ही. ती निवडक उपप्रकारांविरुद्ध भक्कम व दीर्घकाळ टिकणारे संरक्षण देते आणि तान्ह्या बाळातही काम करते. दुसरी २३ उपप्रकारांविरुद्धची पॉलिसॅकराइड लस. तिची व्याप्ती मोठी, परंतु दोन वर्षांखालील बालकांत ती परिणामकारक ठरत नाही. इम्प्लांट झालेल्या बालकांसाठी दीर्घकाळ प्रचलित असलेली पद्धत अशी की आधी वयानुरूप पीसीव्हीच्या मात्रा पूर्ण करावयाच्या आणि वयाची दोन वर्षे पूर्ण झाल्यावर, शेवटच्या पीसीव्ही मात्रेनंतर किमान आठ आठवड्यांनी, २३ उपप्रकारांची लस द्यावयाची. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी लसीकरण उरकलेले असावे, असा दंडक आहे, कारण लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास तेवढा अवधी लागतो. २० उपप्रकारांविरुद्धची नवी संयुग्म लस आता काही देशांत वापरात आली असून ती पूर्ण घेतल्यास २३ उपप्रकारांच्या लसीची गरज उरत नाही. मेनिंगोकोकस या तिसऱ्या जिवाणूचा धोका इम्प्लांटमुळे वाढल्याचे आढळलेले नाही.

खरी अडचण येथून पुढे आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात पीसीव्हीचा समावेश मे २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार व उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांपासून झाला. महाराष्ट्रातील बालकांना ती शासकीय केंद्रांत मोफत मिळू लागली २०२१ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर अखेरीस ती देशभर लागू झाल्याचे जाहीर करण्यात आले. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन मात्रांचे हे वेळापत्रक आहे. पहिली मात्रा वयाच्या पहिल्या वर्षातच घ्यावी लागते. पहिला वाढदिवस उलटलेल्या बालकाला या कार्यक्रमातून पीसीव्हीची सुरुवात करता येत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. जी मुले २०२१ पूर्वी जन्मली, त्यांना शासकीय लसीकरणातून ही लस मिळालेलीच नाही. आज शाळेत जाणारी, कानामागे मशीन लावलेली बरीचशी मुले याच वयोगटातील आहेत. लसीकरण कार्डावर सर्व रकाने भरलेले दिसतात, आई निर्धास्त असते, आणि तरीही ज्या एका लसीची या मुलाला इतरांहून अधिक गरज, तीच त्या कार्डावर छापलेली नसते. शस्त्रक्रियेच्या केंद्राने ती स्वतंत्रपणे दिली असेल तर त्याची नोंद केंद्राच्या कागदपत्रांत सापडेल. २३ उपप्रकारांची लस तर बालकांच्या शासकीय वेळापत्रकात आजही नाही. ती बालरोगतज्ज्ञांकडून विकत घ्यावी लागते.

लाखोंचे यंत्र शासनाने द्यावयाचे आणि त्याला आवश्यक असलेल्या लसीसाठी पालकांनी औषधाच्या दुकानात उभे राहावयाचे, ही रचना विसंगत म्हणावी लागेल. केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून २०१४ पासून जन्मतः बहिऱ्या, पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना इम्प्लांटसाठी साह्य दिले जाऊ लागले. तेव्हा ठरलेली मर्यादा एका बालकामागे ६ लाख रुपये होती. मुंबईच्या वांद्रे येथील, १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था त्यासाठी समन्वयक संस्था म्हणून काम पाहते. उपकरणाच्या किमतीपुढे लसीचा खर्च अगदीच किरकोळ आहे. मजुरीवर जगणाऱ्या घराला मात्र एकेका मात्रेचे काही हजार रुपयेही जड जातात.

या बाबतीत एक दिलासा पुण्यातून आला. सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'न्यूमोसिल' ही दहा उपप्रकारांविरुद्धची स्वदेशी लस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यताप्राप्त यादीत घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती देशात सादर झाली. आयात लसींपेक्षा ती स्वस्त आहे. वय उलटून गेलेल्या बालकाला कोणती लस, किती मात्रांत द्यावी, हे त्याच्या वयावर आणि आधी घेतलेल्या मात्रांवर अवलंबून असल्याने बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. उशीर झाला म्हणून लस निरुपयोगी होत नाही, एवढे निश्चित. सहा वर्षांवरील मुलालाही ती देता येते.

कान दुखला तर

इतर मुलांचा कान दुखल्यास, मूल दोन वर्षांवरील असेल आणि त्रास सौम्य असेल तर, डॉक्टर कधी कधी दोन-तीन दिवस वाट पाहून मगच प्रतिजैविके देतात. इम्प्लांट झालेल्या मुलाच्या बाबतीत अशी वाट पाहिली जात नाही. मध्यकर्णाच्या संसर्गावर लगेच उपचार सुरू करावेत आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत असा संसर्ग झाल्यास प्रारंभी शिरेतून औषधे द्यावीत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये सुचविले आहे.

ग्रामीण भागात कानात कोमट तेल सोडण्याची, लसूण कढवून घालण्याची पद्धत अद्याप रूढ आहे. पडदा फाटलेला असल्यास हे तेल सरळ मध्यकर्णात उतरते. कान वाहत असताना कापसाचा बोळा कोंबून ठेवणे हेही तितकेच अयोग्य. शस्त्रक्रिया झालेल्या कानाच्या बाबतीत तर घरगुती उपाय पूर्णपणे वर्ज्य समजावेत. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ स्राव सतत येत असेल तर तो सर्दीचा असेलच असे नाही. मेंदूभोवतीच्या द्रवाची ती गळती असू शकते आणि तिची खातरजमा शस्त्रक्रियेच्या केंद्रातच व्हावी लागते.

मेनिंजायटिसची लक्षणे म्हणजे तीव्र ताप, डोकेदुखी, वारंवार उलट्या, मान ताठरणे, उजेड सहन न होणे, गुंगी आणि आकडी. तान्ह्या बाळाची टाळू फुगते, ते दूध पीत नाही, एकसारखे किरकिरते किंवा निपचित पडून राहते. ही यादी बहुतेक आरोग्य कर्मचाऱ्यांना पाठ असते. परंतु श्रवणदोष असलेल्या मुलात तिचा अर्थ लावणे सोपे नसते. ज्याची भाषा अजून घडतेच आहे ते मूल 'डोके दुखते' असे सांगू शकत नाही. ताप आलेल्या मुलाच्या कानावरचे मशीन आई बहुधा काढून ठेवते. मग हाक मारल्यावर मूल प्रतिसाद देत नाही याचे कारण मशीन नसणे, असे घरच्यांना वाटते. ती गुंगी असू शकते. अशा वेळी मुलाला हाताने हलवून, डोळ्यांत पाहून, त्याच्या नेहमीच्या खुणेने प्रतिसाद मिळतो का हे पाहणे आवश्यक ठरते. हनुवटी छातीला टेकवता येत नसेल, उलट्या थांबत नसतील, मूल नेहमीसारखे ओळख दाखवीत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून मोफत उपलब्ध आहे.

दवाखान्यात काय घडते?

निदानासाठी कमरेतून सुई घालून मेंदूभोवतीच्या द्रवाचा नमुना काढला जातो. 'पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो' ही भीती आजही अनेक कुटुंबांत आहे आणि तिच्यापायी तपासणीस नकार दिला जातो. सुई जेथे टोचतात त्या पातळीवर मज्जारज्जू नसतो, तो वरच संपलेला असतो. पाण्यासारखा दिसायला हवा तो द्रव गढूळ निघाला की निदान जवळपास होते आणि जिवाणू कोणता हे प्रयोगशाळेत कळते. इम्प्लांट असल्यामुळे या तपासणीस कोणतीही बाधा येत नाही.

एमआरआयची गोष्ट वेगळी. त्वचेखालील चुंबकामुळे, यंत्राची जात व चुंबकाचा प्रकार समजल्याखेरीज मुलाला एमआरआय कक्षात नेता येत नाही. काही नव्या उपकरणांत ठरावीक अटींवर त्यास मुभा असते, जुन्यांत चुंबक काढावा लागू शकतो. सीटी स्कॅन मात्र करता येते. तपासण्यांसाठी औषधाची पहिली मात्रा मात्र अडवून ठेवली जाऊ नये. मेनिंजायटिसचा दाट संशय असेल तर मोठ्या रुग्णालयाकडे पाठविण्यापूर्वीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन सुरू करणे हिताचे असते.

जिल्ह्यातून गंभीर बालरुग्ण अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे अथवा नागपूरकडे नेण्याचा प्रघात जुना आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी या टप्प्यात खुला झालेला समृद्धी महामार्ग कारंजा व शेलूबाजार भागातून जात असल्याने नागपूरचे अंतर वेळेच्या हिशेबात कमी झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशीमचाही समावेश आहे.

बहिरेपणाचे कारणही तेच

या आजाराचे इम्प्लांटशी दुहेरी नाते आहे. इम्प्लांटमुळे मेनिंजायटिसचा धोका वाढतो, तसाच मेनिंजायटिसमुळे चांगले ऐकू येणारे मूलही बहिरे होऊन इम्प्लांटची गरज निर्माण होते. न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसमधून वाचलेल्या बालकांत श्रवणहानी वारंवार आढळते. त्यातही एक घाई असते, जी बहुसंख्य पालकांना ठाऊक नसते. जिवाणूंच्या दाहानंतर कॉक्लिआच्या पोकळीत हाड तयार होऊ लागते. ही प्रक्रिया काही आठवड्यांतच सुरू होऊ शकते. पोकळी हाडाने भरून गेली की इलेक्ट्रोडची तार आत सरकतच नाही. म्हणून मेनिंजायटिसमधून बरे झालेल्या प्रत्येक बालकाची श्रवणतपासणी रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी किंवा त्यानंतर लगेच व्हायला हवी. 'अशक्तपणामुळे बोलत नाही, महिनाभराने ठीक होईल' म्हणून घालविलेला काळ येथे परत मिळत नाही. ज्याला मेनिंजायटिसमुळे इम्प्लांट झाले त्यालाही लस द्यावीच लागते. एकदा आजार झाला म्हणून दुसऱ्यांदा होणार नाही, असे नाही, कारण उपप्रकार अनेक आहेत.

नोंद कोणी ठेवावी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला होता. त्याची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांची एकदा तपासणी करतात. जन्मजात बहिरेपण हा या कार्यक्रमातील आजारांपैकी एक. बहिरे मूल शोधून पुढे पाठविण्याचे काम ही पथके करतात. इम्प्लांट होऊन परतलेल्या मुलाच्या न्यूमोकोकस लसीची चौकशीही त्याच भेटीत होऊ शकते. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही, तपासणीच्या वेळी एक प्रश्न वाढवावा लागतो. गावात असे मूल एखादेच असते आणि ते कोणाचे, हे आशा सेविकेला ठाऊक असते.

उपकरण बसविताना पालकांना एक ओळखपत्र दिले जाते. त्यावर कंपनीचे नाव, यंत्राची जात, अनुक्रमांक आणि शस्त्रक्रियेचा दिनांक असतो. बहुतेक घरांत ते कपाटात, योजनेच्या कागदांसोबत बांधून ठेवलेले असते. त्याची एक छायाप्रत मुलाच्या लसीकरण कार्डाला टाचून ठेवावी, एक शाळेत द्यावी आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रात. त्याच कागदावर पीसीव्ही व २३ उपप्रकारांच्या लसीचे दिनांक, अंतर्कर्णाच्या रचनेत दोष असल्यास त्याचा उल्लेख आणि शस्त्रक्रियेच्या केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. लसीचे दिनांक सापडत नसतील तर केंद्राकडे विचारणा करावी. तेथेही नोंद नसल्यास लस झालेली नाही असे धरून बालरोगतज्ज्ञांकडून नव्याने वेळापत्रक आखून घ्यावे.